मोतीबिंदूची हत्यारं घेताना

फेको शस्त्रक्रियेत बुबुळाच्या कडेचा मुख्य छेद जेमतेम २.२ ते २.८ मिलिमीटरचा असतो. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी आपला छेद किती, ते ठरवा. केरॅटोम, म्हणजे छेद घ्यायची सुरी, त्याच मापाचा हवा आणि भिंगावरची कॅप्सूल फाडायचा चिमटा त्या छेदातून सहज उघडायला हवा.

टायटॅनियम हलकं असतं, गंजत नाही, चुंबकत्व धरत नाही. त्याचा निळसर पृष्ठभाग मायक्रोस्कोपच्या उजेडात चमकतही नाही. स्टील मात्र स्वस्त, आणि कात्रीची धार त्यावर जास्त टिकते. त्यामुळे सगळा संच टायटॅनियमचाच हवा, हा हट्ट मला पटत नाही.

चिमट्याची किंमत नंतर विचारा. आधी तो मायक्रोस्कोपखाली धरून हळूच मिटा. दोन्ही टोकं नेमकी एकमेकांवर टेकली पाहिजेत. फट दिसली, तर केसाहून पातळ कॅप्सूल त्यातून निसटणारच.

पोकळ कॅन्युलांबाबत तडजोड नकोच. आत वाळलेलं शस्त्रक्रियेतलं जेल किंवा डिटर्जंटचा अंश पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात गेला, तर जंतू नसतानाही डोळा आतून सुजतो. डॉक्टर त्याला टास म्हणतात. शस्त्रक्रिया संपताच कॅन्युलातून डिस्टिल्ड वॉटर जोरात सोडायचं, ऑटोक्लेव्ह त्यानंतर.