उंची म्हणजे बँक बॅलन्स!

मागच्या वर्षी माझ्या नावावर दोन रेकॉर्ड लागले. एक, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये केटी. दुसरं, आमच्या मजल्यावरच्या लॅन मॅचमध्ये ०-५ असा सपाटून पराभव, तोही सेकंड इयरच्या पोराकडून. केटीची गोष्ट घरी सांगायची हिंमत नव्हती. पराभवाची गोष्ट मात्र सगळ्या मेसला कळली होती.

गेम होता 'आयएल-२ स्टुरमोविक : १९४६'. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा हा सिम्युलेटर २००६ सालचा, त्यामुळे आमच्या रूममधल्या डबडा पीसीवरही मजेत चालतो. तो पोरगा स्पिटफायर घ्यायचा, मी मेसरश्मिट १०९. समोर विमान दिसलं की मी त्याच्यामागे गरागरा वळायचो. तो वर गेला की मीही नाक आभाळाकडे करायचो. अर्ध्या मिनिटात माझं विमान हवेत लोंबकळायला लागायचं आणि मग काय, धूर!

एकदा रात्री दीड वाजता हाच कार्यक्रम चालू असताना रेक्टर सर राउंडला आले. (सर आम्हाला थर्मो शिकवतात.) मला वाटलं, गेला पीसी! सरांनी दोन मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय रे, एवढं नाक वर करून कुठे निघालास?"

"वर, सर."

"वर कुठे? तू तर थांबतोयस. जर्नल आण इकडे."

जर्नलच्या मागच्या पानावर सरांनी जे लिहून दिलं, तेच मित्रांनो, आज तुमच्यापुढे मांडतोय.

फंडा पहिला : विमानाकडे दोन खिसे असतात. एक उंचीचा (पोटेन्शियल एनर्जी), दुसरा वेगाचा (कायनेटिक). एका खिशातून दुसऱ्यात पैसे टाकता येतात. दोन्ही मिळून होते ती 'एनर्जी हाइट'. सूत्र बारावीचंच : उंची अधिक वेगाचा वर्ग भागिले (२ × ९.८१).

आता गंमत बघा. एक विमान ३,००० मीटरवर ताशी ३६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १०० मीटरने जातंय. वेगाचे झाले ५१० मीटर, एकूण ३,५१०. दुसरं विमान २,५०० मीटरवर आहे, पण वेग ताशी ५४०, म्हणजे सेकंदाला १५० मीटर. त्याच्या वेगाचे झाले १,१४७, एकूण ३,६४७. म्हणजे खाली दिसणारा गडी प्रत्यक्षात श्रीमंत आहे! मी नेमका इथेच फसायचो. समोरचा खाली आहे एवढंच बघायचो, त्याचा वेग बघायचोच नाही.

फंडा दुसरा : खिशात नवे पैसे येतात ते इंजिनकडून. थ्रस्टमधून ड्रॅग वजा करा, उत्तराला वेगाने गुणा आणि वजनाने भागा. जे येतं ती दर सेकंदाला मिळणारी एनर्जी हाइट. वेग कायम ठेवला तर हाच तुमचा चढण्याचा दर.

मग नाक जास्त वर केलं तर जास्त चढायला हवं ना? नाही! वेग पडला की तेवढीच लिफ्ट मिळवायला पंख जास्त कोनात धरावा लागतो आणि इंड्यूस्ड ड्रॅग वाढतो. वेग निम्मा झाला तर हा ड्रॅग चौपट. शिवाय रेडिएटरला वारा कमी मिळतो आणि इंजिन तापतं. उलट फार वेगात चढायला गेलात तर हवेचा साधा अडथळा खातो. वेग दुप्पट केला की तो चौपट होतो, आणि त्याच्यावर खर्च होणारी पॉवर आठपट. या दोन टोकांच्या मधे एक वेग असतो, जिथे शिल्लक सर्वांत जास्त. तो बेस्ट क्लाइंब स्पीड. माझ्या १०९ ला गेममध्ये काट्यावर ताशी २६० ते २८० च्या आसपास जमतं. म्हणून चढताना नाकाकडे नाही, काट्याकडे बघायचं. वेग कमी झाला तर नाक थोडं खाली, वाढला तर थोडं वर. ट्रिम लावून ठेवली की हात दुखत नाहीत.

जेटचं गणित थोडं वेगळं. तिथे वेग वाढला तरी थ्रस्ट फारसा पडत नाही, म्हणून जेट बऱ्याच जास्त वेगाने चढवतात. प्रोपेलरची सवय तिथे चालत नाही.

फंडा तिसरा : वळण फुकट नसतं. उंची न सोडता ४५ अंशात कलून वळलात तर पंखावर १.४ जी येतो आणि इंड्यूस्ड ड्रॅग दुप्पट होतो. ६० अंशात २ जी, म्हणजे ड्रॅग चौपट. चढताना गोल गोल फिरणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. शक्यतो सरळ चढा. वळायचंच असेल तर हलक्या हाताने.

फंडा चौथा : बारीक गळती थांबवा. चढताना प्रोपेलरमुळे १०९ चं नाक डावीकडे पळतं. उजवा रडर देऊन गोळी मधोमध ठेवली नाही तर विमान तिरकं घासत जातं. गरज संपली की रेडिएटर मिटवा, उघडा रेडिएटर म्हणजे ड्रॅग. काही विमानांत सुपरचार्जरचा गिअर उंचीप्रमाणे स्वतः बदलावा लागतो, ते विसरू नका.

आता एवढी जमवलेली उंची खर्च कशी करायची? वरून सूर मारायचा, एक फैरी झाडायची, आणि लागो न लागो, वेग शिल्लक असतानाच हलक्या हाताने परत वर. वळून बघायचा मोह टाळायचा. चीन आणि बर्माच्या आकाशात १९४१-४२ मध्ये क्लेअर शेनॉल्ट यांनी 'फ्लाइंग टायगर्स'च्या वैमानिकांना हेच शिकवलं होतं. त्यांची पी-४० विमानं जपानी विमानांपेक्षा जड, वळायला मंद, पण सूर मारण्यात भारी. मग वळायचंच कशाला?

या सगळ्याची पद्धतशीर थिअरी १९६० च्या दशकात अमेरिकी हवाई दलातल्या जॉन बॉइड यांनी थॉमस ख्रिस्ती या गणितज्ञाबरोबर मांडली. बॉइड वैमानिक होते, नंतर इंजिनिअरिंग शिकायला जॉर्जिया टेकला गेले, आणि तिथे थर्मोडायनॅमिक्सचा अभ्यास करताना त्यांना याची कल्पना सुचली असं सांगतात. पुढे एफ-१६ च्या जडणघडणीत ही थिअरी कामी आली. म्हणजे थर्मो अगदीच निरुपयोगी नाही, पोरांनो!

महिनाभराने रीमॅच झाली. मी ३-२ ने जिंकलो. हरलेल्या दोन्ही वेळी मी पुन्हा त्या स्पिटफायरमागे वळत बसलो होतो. कळणं आणि वळणं यात फरक असतो तो असा.

आणि केटी? तो पेपर गेला असता तर माझा वायडी पक्का होता. पेपरात ड्रॅगवर प्रश्न आला. मी डोळ्यांपुढे लोंबकळणारं १०९ आणलं आणि दोन पानं न अडखळता लिहिली. केटी निघाली. मग घरी फोन करून दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आधी सांगायचंस ना रे." तेव्हा कळलं, मी वर्षभर नुसतं नाक वर करून बसलो होतो. शिल्लक काहीच नव्हती. पी.एल.मध्ये रात्र रात्र जागून एकदम उंची गाठू बघणाऱ्यांनी आपापला काटा तपासावा, एवढंच सांगतो.

जर्नलचं ते पान मी जपून ठेवलंय. त्याच्या खाली सरांनी लाल पेनने आणखी एक ओळ लिहिली आहे : रात्री अकरानंतर पीसी चालू दिसला तर उंची आणि वेग, दोन्ही शून्य करण्यात येतील.