सागराच्या तळाशी घडलेले सोने

ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरीची ऊन पाण्याची कुंडे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. असे उष्ण झरे जसे भूमीवर आहेत, तसेच ते समुद्राच्या तळाशीही आहेत. १९७९ साली ‘ॲल्व्हिन’ नावाच्या पाणबुडीतून मेक्सिकोजवळच्या पॅसिफिक महासागरात उतरलेल्या शास्त्रज्ञांना अडीच हजार मीटरांहून अधिक खोलीवर दगडी धुराडी आढळली. त्यांतून काळ्या धुरासारखे पाणी उसळत होते व त्याची उष्णता सुमारे ३५० अंश सेल्सिअस होती!

हा ‘धूर’ म्हणजे वस्तुतः धातूंचे सूक्ष्म कण होत. समुद्राचे पाणी तळाच्या भेगांतून खाली झिरपते, तप्त शिलारसाच्या सान्निध्याने तापते आणि खडकांतील धातू विरघळवून पुन्हा वर येते. थंड पाण्याशी गाठ पडताच ते धातू गंधकाशी संयोग पावून खाली बसतात. समुद्र उथळ असेल तर वरचा दाब कमी पडतो, वर येणारे पाणी उकळू लागते आणि त्यातील सोने व चांदी एके ठिकाणी साचतात, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

मग असे सोने शोधण्यासाठी समुद्रातच उतरावयास हवे काय? नाही. प्राचीन सागरांचे तळ आज पर्वत होऊन उभे आहेत. कॅनडा देशातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्य भागात एस्के क्रीक नावाचे स्थळ आहे. सुमारे साडेसतरा कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता व त्यात ज्वालामुखी धगधगत होते. १९३२ साली तेथे शोध सुरू झाला. अर्धे शतक लोटले, पण मोठे घबाड हाती लागले नाही. अखेर १९८९ साली १०९ क्रमांकाच्या छिद्राने भाग्य उजळले. त्यातील २०८ मीटर लांबीच्या दगडात दर टनास सरासरी २७ ग्रॅम सोने निघाले. २००८ साली खाण बंद होईपर्यंत तिने सुमारे १०० टन सोने व ५,००० टन चांदी दिली.

या यशाने संशोधकांना खुणा शिकविल्या. खाली फिकट रंगाचा ज्वालामुखी खडक, त्यावर काळ्या चिखलाचा घट्ट झालेला थर आणि त्यावर उशांच्या राशीसारखा गोलसर लाव्हा. असा लाव्हा पाण्यातच थिजतो. शिवाय ओढ्यांच्या गाळात सोमल, पारा व अँटिमनी यांचा अंश असावा. त्याच वयाचे खडक त्या प्रदेशात दूरवर पसरलेले आहेत. म्हणून या खुणांचा माग काढीत तेथील डोंगर धुंडाळले जातात.

परंतु ज्या खुणा सोने दाखवितात, त्यांतच विषही आहे. सोमल व पारा घातक आहेत. खाणीतून निघालेल्या गंधकयुक्त दगडावर हवा व पाऊस यांची क्रिया झाली, म्हणजे आम्ल तयार होते आणि ते नदीतील माशांच्या जिवावर उठते. ही भूमी टाल्टान लोकांची. पिढ्यान्‌पिढ्या नद्यांतील सामन माशांवर ते पोसले गेले आहेत. म्हणून एस्के क्रीकचा टाकाऊ दगड सरोवरांच्या तळाशी बुडवून ठेवण्यात आला. पाण्याखाली त्याला हवा पुरेशी मिळत नाही व आम्ल होणे टळते.

पाण्याखाली घडलेला दगड अशा रीतीने पुन्हा पाण्याखालीच गेला. खाण सुमारे चौदा वर्षांत बंद झाली. पण त्या दगडावरील पहारा मात्र पुढील अनेक पिढ्यांना करावा लागणार आहे. सोन्याचे मोल करताना या पहाऱ्याचेही मोल हिशेबात धरले पाहिजे.