दोन मागांचा विणकर

जर्मनीतल्या उमेदवारीच्या पद्धतीबद्दल आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. गेल्या लेखातला एक आकडा लालबागच्या एका वाचकांना लागला आहे आणि त्यांना आधी उत्तर दिलं पाहिजे. त्यांचे आजोबा सावंतवाडीहून येऊन मुंबईच्या कापडगिरणीत साळखात्यात, म्हणजे विणाईत, लागले आणि जन्मभर दोन माग चालवत राहिले. नातू विचारतो, "न्यू इंग्लंडचा एक कामगार म्हणजे आपले सहा. मग आमचे आजोबा काय कामचुकार होते?"

आकडा अर्थइतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांच्या कापडगिरण्यांवरच्या 1987 सालच्या निबंधातला, 1910 च्या सुमाराचा. न्यू इंग्लंडच्या एका कामगाराइतकं काम करायला 1.5 ब्रिटिश, 2.3 जर्मन आणि जवळजवळ 6 ग्रीक, जपानी, भारतीय किंवा चिनी कामगार लागत. यंत्रांकडे बोट दाखवता येत नाही. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे साचे लँकेशायरमध्ये फिरत, तसेच परळमध्येही. पण हा आकडा नीट वाचायला हवा. एका माणसाकडे किती यंत्रं सोपवली, हे तो सांगतो. तुटलेला धागा बोटं किती चपळाईनं सांधतात, हे नाही. ग्रीसमधला कामगार त्या सहांच्या रांगेत आहे, आणि त्याच सुमारास गावं सोडून आलेले ग्रीक लोक मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या गिरण्यांत अमेरिकी पद्धतीनं काम करत होते. बोटीच्या प्रवासात कोणी कसब शिकत नाही.

मला खरा उलगडा होतो तो जपानपाशी. 1910 मध्ये जपान आपल्याच रांगेत होता. पुढच्या पंचवीस वर्षांत तो कुठल्या कुठे गेला आणि मुंबई जवळपास जागीच राहिली. विणकामाची तुलना मी बाजूला ठेवतो, कारण तिथे 1924 नंतर टोयोडाचे स्वयंचलित माग आले. नुसतं सूतकताईचं पाहा. जपानी गिरणीत खेड्यांतून आणलेल्या कोवळ्या मुली असत. गिरणीच्याच वसतिगृहात राहायच्या आणि बऱ्याच जणी दोन-तीन वर्षांत घरी परतायच्या. आपला कामगार शिमग्याला, पेरणीला गावी जाई, खाडे करी, पण परत येऊन वर्षानुवर्षं तेच काम करी. अनुभव मोजायचा तर तो मुंबईच्या पारड्यात जास्त होता.

मग फरक कुठे पडला? बराचसा साच्यावर कापूस चढण्याच्या आधीच. जपानी गिरण्या हिंदुस्थानातलाच आखूड धाग्याचा कापूस गाठीच्या गाठी विकत घेत आणि त्यात अमेरिकी कापूस मोजून मिसळत. हे मिश्रण जमवणं हा त्यांच्या गिरण्यांचा मोठा हुन्नर. त्यामुळे सूत कमी तुटे, आणि सूत कमी तुटलं की तीच मुलगी जास्त चात्या सांभाळू शके. तिच्या नावावर चढलेलं कौशल्य निम्मं मिक्सिंगच्या खोलीतलं होतं.

आता 1928 आठवा. एका विणकराकडे तीन माग, अशा योजना मुंबईत आल्या आणि एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या संपामुळे बंद राहिल्या. हलका कापूस, सारखं तुटणारं सूत आणि वर तिसरा माग, ही कामगारांची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. बेकारीची धास्ती होतीच, आणि ज्या शहरात काढलेल्या माणसाला दुसरा आधार नाही तिथे ती असणारच. पण मालकांनी कापूस आधी सुधारला असता आणि वाचलेल्या पैशात कामगाराला उघड वाटा दिला असता, तर आजोबांनी तीन काय, चार मागही चालवले असते, असं मला ठामपणे वाटतं.

मिक्सिंग खात्यात काम केलेले कोणी वाचक असतील तर जरूर लिहा. कोणत्या गावचा कापूस, कशात किती, आणि ते ठरवायचं कोण?