आमुनचे नाव पुसणारा राजा

इजिप्तमध्ये कर्नाकच्या देवळात हत्शेपसुत राणीने उभारलेला अखंड ग्रॅनाइटचा ओबेलिस्क आजही उभा आहे. उंची सुमारे २९ मीटर. इ. स. पू. चौदाव्या शतकात पाथरवट छिन्नी-हातोडा घेऊन या स्तंभाच्या अगदी वरच्या भागापर्यंत चढले आणि तिथे कोरलेल्या आमुन देवाच्या आकृत्या आणि त्याचे नाव त्यांनी खरवडून काढले. खाली उभ्या असलेल्या माणसाला तिथला मजकूर धड वाचताही आला नसता. पण हुकूम राजाचा होता: आमुनचे नाव जिथे दिसेल तिथून ते गेले पाहिजे.

हा हुकूम काटेकोरपणे पाळला गेला. राजाच्या स्वतःच्या वडिलांचे नाव आमेनहोतेप. त्यात आमुनचे नाव येते म्हणून तेही छिन्नीतून सुटले नाही. काही ठिकाणी तर 'देव' या शब्दाचे अनेकवचनही कोरून काढलेले सापडते. हजारो वर्षे शेकडो देवांच्या सोबतीने जगलेल्या देशात राजसत्तेने अनेकवचनावरच घाव घातला होता.

एकच ईश्वर मानणाऱ्या धर्मांची गोष्ट बहुधा यहुदी धर्मापासून सांगितली जाते. 'इस्रायल' या नावाचा आजवर मिळालेला सर्वांत जुना, बहुतेक अभ्यासकांना मान्य असलेला लेखी उल्लेख मेर्नेप्ताह या फॅरोच्या विजयस्तंभावर आहे. तो इ. स. पू. १२०८ च्या सुमाराचा. उत्खननकार फ्लिंडर्स पेट्री यांना तो १८९६ मध्ये इजिप्तमधल्या थीब्ज नगरात सापडला. आमुनचे नाव पुसणारा अखेनातेन हा राजा मात्र त्याच्याही सव्वाशे-दीडशे वर्षे आधीचा.

इ. स. पू. १३५० च्या आसपास तो गादीवर आला तेव्हा त्याचे नाव चौथा आमेनहोतेप होते. आतेन म्हणजे सूर्याचे बिंब. हा शब्द जुनाच होता आणि आतेनला मान देण्याची सुरुवातही त्याच्या वडिलांच्या काळात झाली होती. तिसऱ्या आमेनहोतेपच्या राजनौकेच्या नावातही आतेन होता. मुलाने सुरुवातीला कर्नाकमध्येच आतेनची देवळे बांधली. ती झटपट उभी राहावीत म्हणून एका माणसाला उचलता येतील असे, साधारण हात-सव्वा हात लांबीचे छोटे दगड वापरले. अभ्यासक त्यांना 'तलातात' म्हणतात. पुढे ही देवळे पाडली गेली आणि हेच दगड कर्नाकच्या नव्या द्वारांच्या पोटात भराव म्हणून गेले. भरावात गाडले गेल्यामुळेच ते टिकले. विसाव्या शतकात असे हजारो दगड बाहेर निघाले आणि त्यांच्यावरची चित्रे जुळवून अभ्यासकांनी त्या पाडलेल्या देवळांचा अंदाज बांधला.

कारकिर्दीच्या पाचव्या वर्षी राजाने नाव बदलून अखेनातेन केले आणि थीब्ज व मेम्फिस यांच्या दरम्यान नाईलच्या पूर्व काठावर एका ओसाड पट्ट्यात नवी राजधानी आखली. तिचे नाव अखेतातेन, म्हणजे आतेनचे क्षितिज. आज ही जागा अमार्ना म्हणून ओळखली जाते. पूर्वेच्या डोंगरात एक खिंड आहे आणि सूर्य त्या बाजूने वर येतो. नगराच्या हद्दीवर राजाने कड्यांमध्ये शिलालेख कोरून घेतले. ही जमीन कोणा देवाची वा माणसाची नव्हती, आतेननेच ती दाखवून दिली, असे त्यांत सांगितले आहे. काही वर्षांतच इथे वीस ते पन्नास हजार लोक राहू लागले, असे अंदाज आहेत.

देवळाचे रूपही पालटले. जुन्या इजिप्शियन देवळात आत जावे तसा अंधार वाढत जाई आणि शेवटी गाभाऱ्यात मूर्ती असे. आतेनच्या देवळाला छप्पर नव्हते, मूर्ती नव्हती. उघड्या अंगणात नैवेद्याचे शेकडो चौथरे, आणि वर प्रत्यक्ष सूर्य. चित्रांत आतेन दिसतो तो बिंबाच्या रूपात. त्याचे किरण खाली येतात आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला हाताचा पंजा असतो. सुरुवातीच्या काळात त्याच्या लांबलचक अधिकृत नावात होराख्ती आणि शू हे जुने देव डोकावत होते. पुढे ते नाव बदलले आणि या दोघांनाही वगळले गेले.

अमार्नाला आय या अधिकाऱ्याच्या थडग्यात आतेनचे मोठे स्तोत्र कोरलेले आहे. अंड्यातल्या पिलाला श्वास देणारा, आईच्या पोटातल्या बाळाला शांत करणारा हा देव केवळ इजिप्तचा नाही. सिरिया आणि नुबियाची माणसेही त्यानेच घडवली, त्यांना वेगळी भाषा आणि वेगळा वर्ण दिला. ज्यांच्याकडे नाईल नाही त्यांच्यासाठी त्याने आकाशातच एक नाईल ठेवली, म्हणजे पाऊस. परक्या मुलखांना आपल्याच देवाच्या मायेत घेणारी ही दृष्टी त्या काळासाठी थक्क करणारी आहे, आणि ती वाचताना आजही मन भरून येते.

रात्री बाहेर पडणारे सिंह, सकाळी कामाला निघणारी माणसे, पाण्यावरची जहाजे, हीच चित्रे त्याच क्रमाने बायबलच्या १०४ व्या स्तोत्रातही येतात. अमेरिकन इजिप्तविद जेम्स ब्रेस्टेड यांनी हे साम्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठळकपणे मांडले. सिग्मंड फ्रॉइड त्याच्याही पुढे गेले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोझेस आणि एकेश्वरवाद यांवरच्या पुस्तकात त्यांनी मोझेस हा आतेनचा इजिप्शियन भक्तच होता, असे सुचवले.

कल्पना मोहात पाडणारी असली तरी तिच्या आड काळ येतो. आतेनचा पंथ इ. स. पू. १३३० च्या आसपास संपला. इस्रायली समाजातल्या एकेश्वरवादाचे नि:संदिग्ध शब्द सापडतात ते इ. स. पू. सहाव्या शतकात, बॅबिलोनच्या हद्दपारीत लिहिलेल्या, बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धात. मधली सात-आठशे वर्षे जोडणारा पुरावा नाही. स्तोत्रातल्या प्रतिमांचे साम्य वेगळ्या वाटेनेही समजते. आमुन-राच्या जुन्या स्तुतींतही अशीच वर्णने होती, आणि कनान प्रदेश कित्येक पिढ्या इजिप्तच्या अमलाखाली होता.

मग अखेनातेनला एकेश्वरवादी म्हणावे का? त्याने इतर देवांची पूजा थांबवली, त्यांची नावे पुसली, मृतांचा देव ओसिरिस यालाही परलोकातून बाजूला सारले. त्या अर्थाने हो. पण या देवाशी लोकांचा थेट संबंध जवळजवळ नव्हता. आतेनला खरोखर ओळखतो तो फक्त राजा, असे त्या स्तोत्रातच म्हटले आहे. अधिकाऱ्यांच्या घरांतल्या देव्हाऱ्यांत राजा, राणी नेफरतीती आणि त्यांच्या मुली यांच्या प्रतिमा असत. लोकांनी राजघराण्याला हात जोडायचे आणि राजघराण्याने आतेनला. आतेनच्या नावावर पुराणकथा नव्हती, दुबळ्याला आधार देणारा कायदा नव्हता, मेल्यानंतरचे आश्वासनही फारसे नव्हते.

त्यामुळे सामान्य माणसाने आपले देव सोडले नाहीत. अमार्नाच्या कारागिरांच्या वस्तीत बेस या बुटक्या, घर राखणाऱ्या देवाचे आणि गरोदर बायकांना सांभाळणाऱ्या ताउरेत देवीचे ताईत सापडले आहेत. राजधानीच्या वेशीच्या आतच हे घडत होते. तिथल्या साध्या लोकांच्या दफनभूमीतल्या हाडांवर कष्टाच्या आणि अपुऱ्या अन्नाच्या खुणा आहेत. नैवेद्याच्या शेकडो चौथऱ्यांवरचे अन्न त्यांच्या वाट्याला पुरेसे आले नसावे.

सतरा वर्षांच्या राज्यानंतर अखेनातेन वारला आणि पाठोपाठ सगळे उलटले. तुतांखातेन या लहान वयाच्या राजाचे नाव तुतांखामुन झाले. एलिफंटाइनपासून नाईलच्या मुखाकडच्या दलदलीपर्यंत देवळे ओस पडली होती आणि देवांनी देशाकडे पाठ फिरवली होती, असे त्याच्या शिलालेखात लिहिले आहे. पुढे सेती राजाने आबिदोसच्या देवळात पूर्वज राजांची यादी कोरून घेतली, तीत अखेनातेनला जागाच नाही. हत्शेपसुतच्या ओबेलिस्कवर आमुनची आकृतीही त्यानेच पुन्हा कोरवली.

एकाकडे जाणारी दुसरी वाट मात्र इजिप्तमध्येच रुळली. रामेसेस राजांच्या काळातल्या आमुनच्या स्तुतींत सगळे देव एकाच गूढ देवाची रूपे ठरतात. कोणालाही न पुसता एकाला गाठण्याची ही रीत भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल. इराणी परंपरेत जरथुष्ट्राने अहुर मझ्दाला सर्वोच्च स्थान दिले. जरथुष्ट्राच्या काळाबद्दल अभ्यासकांत हजार वर्षांचा मतभेद आहे, पण त्याच्या गाथांचे पठण मुंबईचे पारशी धर्मगुरू आजही करतात. त्या गाथांना पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत करणारा समाज मिळाला. आतेनच्या स्तोत्राला मिळाली ती थडग्याची भिंत.

यहुदी परंपराही एका फटक्यात घडलेली नाही. सिनाईतल्या कुंतिल्लत अज्रुद इथे इ. स. पू. ८०० च्या सुमाराच्या मोठ्या रांजणांवर यहोवाबरोबर 'त्याच्या अशेरा'चाही आशीर्वाद मागितलेला आहे. अशेरा हे कनानी देवीचे नाव. अखेनातेननंतर नऊशेहून अधिक वर्षांनी, अस्वानजवळच्या त्याच एलिफंटाइन बेटावर पर्शियन साम्राज्याच्या चाकरीत असलेले यहुदी शिपाई कुटुंबांसह राहत होते. त्यांचे स्वतःचे याहूचे, म्हणजे यहोवाचेच, देऊळ होते. इ. स. पू. ४१० मध्ये ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीने ते पाडले गेले, तेव्हा ते पुन्हा बांधता यावे म्हणून या लोकांनी जेरुसलेम आणि यहुदाच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज केले. त्यांच्याच एका पपायरसवर इ. स. पू. ४०० च्या सुमारास गोळा झालेल्या वर्गणीची यादी आहे. बायकापुरुषांची नावे ओळीने, प्रत्येकाचे दोन शेकेल चांदी. शेवटच्या हिशेबात याहूसाठी १२६ शेकेल जमा आहेत, आणि त्याखाली एशेम-बेथेल या देवासाठी ७० आणि अनत-बेथेल या देवीसाठी १२०.