नवखा सेंटर : पाहायचं काय?

श्रीपेरुंबुदूरच्या कारखानापट्ट्यातल्या बास्केटबॉल मैदानावर साडेसहा फुटी मुलगा सेंटर म्हणून, म्हणजे रिंगजवळ खेळायला, उतरला की आधी नजर जाते ती उंचीवर. उंची शिकवता येत नाही हे खरं, पण प्रगतीचा अंदाज नुसत्या तिच्यावरून बांधू नये. रिंगखाली पास मिळाल्यावर त्याचे हात पाहा. चेंडू हनुवटीपाशी घट्ट धरतो, की कमरेपर्यंत खाली आणतो? खाली आणला की समोरचा बुटका गार्ड तो हिसकावतोच. ही खोड सरावाने जाते. पावलांचा जडपणा मात्र सहजी जात नाही. फ्री थ्रोची टक्केवारी जरूर तपासा. तिथे मनगट सैल पडत असेल, तर लांबूनही नेम बसण्याची आशा असते. पाचव्या फाउलला खेळाडू बाद होतो, म्हणून फाउल घटत जाणं मला गुण वाढण्यापेक्षा मोठं लक्षण वाटतं.

उशिरा सुरुवात झाली म्हणून कुणाला नाकारू नका. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला नामांकित सेंटर हकीम ओलाजुवान पंधराव्या वर्षाच्या सुमारास बास्केटबॉलकडे वळला. त्याची चपळ पावलं फुटबॉलने आधीच घडवली होती. उलट, नुसती उंची पुरत नाही: सात फूट दोन इंचांच्या भारतीय सतनाम सिंगला २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (खेळाडू-निवडीत) डॅलस संघाने ५२व्या क्रमांकावर निवडलं, तरी एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.