खाली पॅनहेड, वर शॉव्हेलहेड

हार्ले-डेव्हिडसनची जुनी इंजिनं ओळखायची ती हेडवरून. 1936 चं नकलहेड, 1948 चं पॅनहेड, 1966 चं शॉव्हेलहेड. हेडवरच्या झाकणांचा आकार पाहून चालवणाऱ्यांनीच ही नावं पाडली. अमेरिकेतल्या जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात मात्र खालचं अर्धं इंजिन पॅनहेडचं आणि वरचं शॉव्हेलहेडचं, अशीही गाडी भेटते. तिला ‘पॅन-शॉव्हेल’ म्हणतात.

या मिश्रणाची सुरुवात कारखान्यातच झाली. 1966 साली शॉव्हेलहेड आलं तेव्हा नवा होता तो वरचा भाग. खालची जनरेटरवाली घडण पॅनहेडचीच. क्रँककेस बदलली ती 1970 साली, अल्टरनेटर आला तेव्हा. शिवाय 74 क्यूबिक इंची, म्हणजे सुमारे 1200 सीसीच्या दोन्ही इंजिनांचा बोअर आणि स्ट्रोक एकच. पॅनहेडचं हेड निकामी झालं की मेकॅनिक शॉव्हेलहेडचे सिलिंडर आणि हेड वर चढवत.

खरी मेख तेलाची. 1962 पर्यंतच्या पॅनहेडमध्ये हेडकडे तेल सिलिंडरच्या आतल्या वाटेनं जाई. 1963 पासून बाहेरून नळी आली. शॉव्हेलहेडलाही बाहेरचीच नळी लागते. त्यामुळे 1955 च्या क्रँककेसवर 1968 चं हेड बसवायचं, तर आतली वाट बुजवून बाहेरून तेल न्यावं लागतं. पुशरॉडची लांबीही नव्यानं जुळवावी लागते. तेलात चूक झाली तर रॉकर कोरडे पडून झिजतात.

वेगाचं वेड असलेले आणखी खोल गेले. 80 क्यूबिक इंची जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनाची फ्लायव्हील्स त्यांनी 74 च्या क्रँककेसमध्ये घातली. स्ट्रोक सुमारे 8 मिलिमीटरनं वाढला. याच हौशी जगातून 1958 साली जॉर्ज स्मिथ आणि स्टॅनली स्टँकोस यांची ‘एस अँड एस’ कंपनी निघाली. हलके पुशरॉड हा तिचा सुरुवातीचा माल. पुढे ती अख्खी इंजिनं बनवू लागली.

एका भागाला मात्र हात लावताना दहादा विचार करावा. 1970 पूर्वीच्या हार्लेच्या फ्रेमवर गाडीचा नंबर नसे. तो डाव्या क्रँककेसवर ठोकलेला असे आणि गाडीची कागदपत्रं त्यावरच चालत. क्रँककेस बदलली की कायद्याच्या लेखी गाडीच बदलली. केसचे दोन्ही अर्धे कारखान्यात जोडीनं तयार होत. त्यांच्या पोटावरचे जुळणारे नंबर ती जोडी सांगतात.

1954 साली स्थापन झालेल्या अँटिक मोटरसायकल क्लब ऑफ अमेरिकेच्या परीक्षणात परक्या भागांचे गुण कापले जातात. ते योग्यच आहे. मूळ घडण कुणीतरी जपायला हवी. पण साठ वर्षांची गाडी हायवेवर धावती ठेवणारा पॅन-शॉव्हेलवाला तेवढ्याच मानाचा आहे.

अमेरिकेत अशी गाडी घ्यायचं मनात असेल, तर रंग आणि क्रोम नंतर बघा. आधी डाव्या केसवरचा नंबर कागदाशी ताडा, मग खाली वाकून पोटावरचे नंबर वाचा.