डिस्चार्जनंतर कुठे?

सयाजी रुग्णालयाच्या अपघात विभागात आपल्यापैकी पुष्कळांना कधी ना कधी जावे लागले आहे. अपघात झाला की 108 ला फोन लावायचा, हे आता लहान मुलांनाही पाठ आहे. जखमीवर आधी उपचार करावेत, पोलिसांचे कागद नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितले. आत जाण्याची वाट अशी मोकळी झाली. बाहेर पडणाऱ्याचे काय, हा प्रश्न मात्र आम्हांला अधिक गंभीर वाटतो.

बाजव्यात परप्रांतातून आलेला एखादा मजूर घ्या. पायाला प्लास्टर, दीड-दोन महिने काम बंद. रोजी गेली की भाडे थकते, मग खोली जाते. डॉक्टर डिस्चार्ज देतात यात त्यांचा दोष नाही. ती खाट दुसऱ्या जखमीला हवी असते. पण कागदावर 'घरी विश्रांती' लिहिलेले, आणि घरच नाही! मग स्टेशनचा फलाट. तिथे जखम चिघळते व तोच माणूस पुन्हा त्याच विभागात येतो. रात्रनिवारा मिळाला तरी तो झोपण्यापुरता. तिथे पट्टी कोण बदलणार?

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2018 पासून एक नियम आहे. तातडीच्या विभागातील रुग्ण बेघर आहे किंवा होण्याच्या बेतात आहे असे दिसले, तर त्याच्या संमतीने रुग्णालयाने स्थानिक गृहनिर्माण खात्याला कळवायचे. खरी गोम इथेच आहे. घराची चौकशी डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, रुग्ण दाखल असतानाच व्हायला हवी.

आपल्या लोकांना ही कल्पना अगदीच नवी नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटा रुग्णालयाच्या बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते. परळची नाना पालकर स्मृती समितीही 1968 पासून रुग्णसेवेत आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी डॉ. भरत वाटवानी यांनी 1988 मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था काढली. तिच्या कर्जतच्या केंद्रात उपचार झाले की माणूस गावाचे नाव सांगू लागतो आणि कार्यकर्ते त्याला थेट घरी पोचवतात. डॉक्टरांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हांला पुरस्काराहून ते घरापर्यंत जाणे मोठे वाटते, कारण बहुतेक ठिकाणी काम रुग्णालयाच्या फाटकाशीच संपते.

विश्वस्तांनी आपल्या मंडळाच्या सभागृहाचा या दृष्टीने विचार करावा. प्लास्टर निघेपर्यंत दोन खाटा व दोन वेळचा डबा, एवढ्यानेही सुरुवात होईल. पालकांनी आपल्या भाडेकरूंच्या गावाकडचा फोन नंबर लिहून ठेवावा. बेशुद्ध माणूस रुग्णालयात 'अज्ञात' म्हणून नोंदला जातो आणि घरच्यांना आठ-आठ दिवस पत्ता लागत नाही. विद्यार्थ्यांनी घरातील प्रत्येकाच्या नावाची, रक्तगटाची व दोन फोन नंबरांची चिठ्ठी करून खिशात ठेवायला द्यावी. आजोबांच्या खिशात ती सर्वांत आधी.